नवा साप घरी आणला आणि तो खातच नाही? उंदीर बदलण्याआधी पेटी बघा

राणीसावरगावात साप निघणं ही काही बातमी नाही. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूला बालाघाटच्या टेकड्या, सोयाबीन, कापूस आणि तुरीची रानं. पाऊस झाला, बिळांत पाणी शिरलं की धामण गोठ्यात येते, नाग सरपणाच्या ढिगात जाऊन बसतो. कुणी काठी उचलतं, कुणी सर्पमित्राला फोन लावतं.

साप घरात येतो, हे गावाला ठाऊक आहे. साप घरात आणायचा, ही गोष्ट मात्र नवी आहे आणि ती मोबाइलमधून आली आहे. गळ्यात जाडजूड, ठिपक्यांचा अजगर घालून बसलेली पोरं रीलमध्ये दिसतात. खाली पत्ता विचारणाऱ्या कमेंट असतात. मग कुणीतरी पुण्या-मुंबईहून एक पिल्लू आणतं, काचेच्या पेटीत ठेवतं, उंदीर सोडतं आणि वाट बघत बसतं.

साप उंदराकडे बघत नाही. दुसऱ्या दिवशी बघत नाही, दहाव्या दिवशीही नाही. घरातले म्हणतात दूध देऊन बघ. मित्र म्हणतो तोंड उघडून कोंब. आणणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, कारण समोरचं जनावर ओरडत नाही, कण्हत नाही, नुसतं वेटोळं करून पडून राहतं.

साप खात नाही, तेव्हा काय करायचं? आणि त्याहून महत्त्वाचं, काय करायचं नाही?

सगळ्यात आधी: साप कोणता आहे?

याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साप आपल्या रानातला असेल, म्हणजे नाग, धामण, दिवड, मांडूळ, अजगर यांपैकी काहीही, तर त्याला खायला कसं घालायचं हा प्रश्नच उरत नाही. तो पाळताच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार भारतातले साप पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. नाग, घोणस, धामण आणि अजगर हे पहिल्या अनुसूचीत येतात. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला, तर किमान तीन वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

रीलमध्ये दिसणारा साप बहुतेक वेळा बॉल पायथन असतो. हा पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या देशांतला छोटा अजगर. बिनविषारी, शांत स्वभावाचा. परदेशी असला तरी त्यालाही नियम आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस करारात त्याचं नाव आहे. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या नियमांप्रमाणे तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विकणारा कागदपत्रं देत नसेल, तर तो साप घेऊच नये.

पुढची सगळी माहिती आहे ती अशा कायदेशीर, नोंदणी झालेल्या बॉल पायथनबद्दल. आणि न खाण्यासाठी जगभर सगळ्यात जास्त बदनाम असलेला पाळीव सापही हाच आहे.

आठवडाभर खाल्लं नाही म्हणजे साप मरत नाही

आपण सापाचं पोट आपल्या पोटावरून जोखतो, तिथेच पहिली चूक होते. माणसाचं शरीर स्वतःला गरम ठेवण्यासाठी सतत इंधन जाळतं. साप ते करत नाही. तो बाहेरच्या उन्हावर आणि तापलेल्या जमिनीवर स्वतःला गरम करतो. त्यामुळे त्याचा रोजचा खर्च फारच कमी असतो.

उपास घडला तर तो हा खर्च आणखी कमी करतो. अमेरिकेतल्या मार्शल मॅक्यू या संशोधकाचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी ओळखला जातो. त्यांनी तीन जातींच्या ६२ सापांना सुमारे सहा महिने अन्नाविना ठेवून निरीक्षण केलं. त्यात बॉल पायथनही होते. काही सापांनी शरीराची ऊर्जेची गरज ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणली होती.

उलट, सापासाठी खाणं हेच मोठं खर्चाचं काम असतं. बर्मीज अजगर मोठं भक्ष्य गिळतो, तेव्हा ४८ तासांत त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. आतडं, यकृत, मूत्रपिंड, सगळेच अवयव मोठे होतात. बंद पडलेला कारखाना एका जेवणासाठी पुन्हा सुरू करावा, तसं हे आहे. शिवाय पोटात मोठं भक्ष्य असताना सापाला पळता येत नाही, लढता येत नाही. म्हणून जागा सुरक्षित वाटल्याशिवाय आणि पुरेशी ऊब असल्याशिवाय तो तोंड उघडत नाही.

नव्या सापाच्या उपासाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. तो हट्ट करत नसतो. त्याला जागा पटलेली नसते.

पहिला आठवडा: फक्त पाणी आणि शांतता

नवीन साप घरी आला की त्याला बघायला गल्ली जमते. हातात घ्यायचं, फोटो काढायचे, आत्याला व्हिडिओ कॉल करून दाखवायचं. सापाच्या दृष्टीने हे सगळं एकाच गोष्टीसारखं असतं: कुणीतरी मोठा प्राणी आपल्याला पकडतोय.

बॉल पायथन हे नाव त्याच्या भीतीवरूनच पडलं आहे. घाबरला की तो डोकं आत घेऊन शरीराचा चेंडू करतो. रीलमध्ये गोंडस वाटणारा तो चेंडू प्रत्यक्षात घाबरलेला साप असतो.

म्हणून पहिले पाच ते सात दिवस त्याला अजिबात हात लावू नये. वाटीत स्वच्छ पाणी ठेवावं, ते बदलावं, बस. पेटी टीव्ही, स्पीकर आणि सततच्या ये-जा पासून दूर ठेवावी. तीन बाजूंनी कागद किंवा कापड लावलं तरी फरक पडतो. आठवड्यानंतर पहिल्यांदा खाऊ द्यावा. आणि पहिली दोन-तीन जेवणं सुरळीत होईपर्यंत हाताळणं बंदच ठेवावं.

ऊब नसेल तर भूक नाही

बॉल पायथनच्या पेटीत एक बाजू गरम आणि एक बाजू थंड लागते. गरम बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७ अंश. साप गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. ही सोय नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, ते सडतं आणि साप ते ओकून टाकतो. थंड पेटीतला साप खात नाही, ते त्याच्या भल्याचंच असतं.

परभणी जिल्ह्यात हा मुद्दा दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा आहे. इथली थंडी कडाक्याची असते, हिवाळ्यात पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो. त्यात रात्री लाईट गेली की पेटीखालची गरम चटई बंद पडते आणि साप सकाळपर्यंत गारठतो. उन्हाळ्यात उलटं. पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत काचेची पेटी भट्टी होते. ३५ अंशांच्या पुढची सततची उष्णता या सापाला धोक्याची आहे.

त्यामुळे अंदाजाने काही करू नये. दोन्ही बाजूंना तापमापक लावावा. गरम चटईला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर सापाचं पोट भाजतं. आपलं अंग भाजतंय हे सापाला वेळेत कळेलच असं नसतं. उघडा बल्ब पेटीच्या आत कधीच लावू नये. हवेत ओलावा साधारण ६० टक्के असावा. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यासाठी पाण्याची वाटी मोठी ठेवावी आणि ओलसर शेवाळ घातलेला एक डबा आत द्यावा.

मोठी पेटी नव्हे, अंगाला घासणारं बीळ

घेणाऱ्याला वाटतं, पेटी जितकी मोठी आणि मोकळी, तितका साप खूश. रानात हा साप दिवसभर उंदरांच्या बिळात आणि वारुळात दडून बसतो. मोकळ्या काचेच्या पेटीत त्याला चारही बाजूंनी उघडं पडल्यासारखं होतं.

उपाय स्वस्त आहे. लपायला दोन जागा द्याव्यात, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच दिली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यातून एक निवडावं लागतं, आणि तो बहुधा सुरक्षितता निवडतो. जागा इतकी लहान हवी की वेटोळ्याला भिंती टेकल्या पाहिजेत. उलटी ठेवलेली मातीची कुंडी, तिला एका बाजूला दार पाडलेलं, एवढंही पुरतं. उरलेल्या जागेत सुकी पानं, फांद्या, कागदाचे गोळे टाकून पेटी भरून टाकावी. न खाणाऱ्या पिल्लाने एवढ्यानेच खायला सुरुवात केली, असा अनुभव पाळणारे वारंवार सांगतात.

काय द्यायचं आणि कसं द्यायचं?

पहिला प्रश्न विकणाऱ्याला विचारायचा: तुमच्याकडे तो काय खात होता? पांढरा छोटा उंदीर की मोठ्या जातीचा? जिवंत की गोठवलेला? दिवसा की रात्री? बॉल पायथन सवयीचा गुलाम असतो. एका प्रकारच्या उंदरावर वाढलेला साप दुसऱ्या प्रकाराला अन्न म्हणून ओळखतच नाही. सुरुवातीला जुनंच खाणं चालू ठेवावं, बदल नंतर करावा.

भक्ष्याचा आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका, त्याहून मोठा नको. लवकर वाढावा म्हणून मोठा उंदीर दिला की साप घाबरतो किंवा ओकतो.

जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपायला जाणं ही सगळ्यात वाईट पद्धत. भुकेला उंदीर सापाला कुरतडतो. पाठीचं कातडं, डोळे, काहीही. म्हणून जाणकार पाळणारे गोठवलेला उंदीर वापरतात. तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवायचा. मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा, म्हणजे तो जिवंत उंदराइतका, साधारण ३८ अंशांपर्यंत उबदार होतो. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच ठेवायचा नाही, तो आतून शिजतो.

ही ऊब का लागते? बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. त्याला अंधारात भक्ष्य दिसतं ते उष्णतेच्या रूपात. थंडगार उंदीर त्याच्यासाठी दगडासारखा असतो.

वेळ संध्याकाळनंतरची, दिवे कमी केलेले. लांब चिमट्याने उंदीर शेपटीकडून धरायचा आणि बिळाच्या तोंडाशी हलकेच हलवायचा. सापाच्या तोंडावर आपटायचा नाही. त्याची जीभ भरभर आत-बाहेर होऊ लागली, मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली, तर रस आहे. मान मागे घेऊन चेंडू केला, तर थांबायचं. मेलेला उंदीर असेल तर तो बिळाच्या दाराशी ठेवून, दिवा मालवून रात्रभर सोडून द्यावा. सकाळपर्यंत खाल्ला नाही तर काढून फेकावा.

आणि मग पाच ते सात दिवस पुन्हा काही द्यायचं नाही. रोज प्रयत्न केला की साप रोज घाबरतो, आणि उंदराचा वास म्हणजे त्रास असं त्याच्या डोक्यात बसतं. खाल्लं, तर पुढचे ४८ तास हात लावायचा नाही.

एक गोष्ट गावाकडे विशेष लक्षात ठेवायची. शेतातला किंवा घरातला उंदीर पकडून देऊ नये. त्याच्या अंगावर परजीवी असतात, आणि त्याने झिंक फॉस्फाइडसारखं उंदराचं औषध खाल्लेलं असू शकतं. ते विष मग सापाच्या पोटात जातं.

कधी कधी उपास नैसर्गिक असतो

सापाचे डोळे दुधाळ, निळसर दिसायला लागले, रंग मळका झाला, तर तो कात टाकणार आहे. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि बहुतेक साप खात नाहीत. कात पूर्ण उतरली की खाऊ द्यावा. बऱ्याचदा तेव्हा तो झडप घालतो.

दुसरं कारण ऋतू. वयात आलेले बॉल पायथन, खासकरून नर, थंडीच्या महिन्यांत विणीच्या काळात आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने खात नाहीत. धष्टपुष्ट मोठा साप असेल आणि वजन टिकून असेल, तर यात घाबरण्यासारखं काही नाही. नुकतंच अंड्यातून आलेलं पिल्लू मात्र इतकं थांबू शकत नाही.

दूध, अंडं आणि जबरदस्ती

सापाला दूध पचत नाही. दूध हे सस्तन प्राण्यांचं अन्न, आणि साप सस्तन नाही. मग नागपंचमीला नाग दूध पिताना दिसतो तो कसा? कारण त्याला आधी कितीतरी दिवस उपाशी आणि तहानलेलं ठेवलेलं असतं. पाण्यासाठी तळमळणारा साप समोर आलेला कुठलाही द्रव पितो. ते दूध पुढे त्याच्या आतड्याला बाधतं, फुप्फुसात गेलं तर संसर्ग होतो. पूर्वी गारुड्यांच्या टोपलीतल्या अनेक नागांचे दात उपटलेले असत, काहींचं तोंड शिवलेलं असे. असा नाग पुन्हा शिकार करू शकत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत भुकेने मरतो. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांच्या मिरवणुकीवर न्यायालयाने बंधनं आणली, त्यामागे वन्यजीव कायदाच होता.

अंडंही प्रत्येक सापाचं खाणं नसतं. बॉल पायथनपुढे फोडलेलं अंडं ठेवून उपयोग नाही.

आणि तोंड उघडून कोंबणं? त्याने जबडा, दात, अन्ननलिका फाटू शकते. शिवाय ज्या भीतीमुळे साप खात नव्हता, ती कितीतरी पटीने वाढते. पशुवैद्यकाने तपासून, शेवटचा उपाय म्हणून करायची ही गोष्ट आहे. घरी व्हिडिओ बघून करायची नाही.

डॉक्टरकडे केव्हा जायचं?

दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजावं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यासकट साप ठेवून आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवावं. आणल्यापासून वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं, तर थांबू नये. पाठीचा कणा वर दिसू लागणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासाला घरघर, तोंडातून फेस किंवा पू, अंगावर आणि पाण्याच्या वाटीत काळे बारीक गोचिडासारखे किडे, पुन्हा पुन्हा ओकणं, ही आजाराची लक्षणं आहेत. इथे पेटी बदलून भागत नाही.

सापावर उपचार करणारे डॉक्टर प्रत्येक तालुक्याला नसतात. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे फोन करून जवळ कोण आहे हे विचारता येतं. खरं तर ही चौकशी साप आणण्याआधी करायची. हा साप सांभाळला तर २०-३० वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय किमान ६२ वर्षं असल्याचा अंदाज होता.

आणि रानातून पकडलेला साप खात नसेल तर?

तर तो बरोबर वागतोय. बरणीत, गोणीत किंवा बादलीत ठेवलेला रानसाप बहुधा खात नाहीच. नव्या जागेची जी भीती पेटीत जन्मलेल्या बॉल पायथनला वाटते, तीच रानात वाढलेल्या सापाला कितीतरी जास्त वाटते. त्यात प्रत्येक जातीचं खाणं वेगळं. दिवड मासे आणि बेडूक खाते, मण्यार मुख्यतः दुसरे साप खाते, धामण उंदरांमागे असते. वर्धा जिल्ह्यात या शतकाच्या सुरुवातीला अंडीखाऊ सापाची पुन्हा नोंद झाली. तो फक्त पक्ष्यांची अंडी खातो. त्याच्यापुढे उंदीर ठेवला तर तो उंदराशेजारी उपाशी मरेल.

मांडुळाची गोष्ट सगळ्यात वाईट. गुप्तधन मिळवून देतो, करोडोला विकला जातो, असल्या थापांपायी महाराष्ट्रात मांडूळ पकडून डब्यांत कोंडले जातात. गिऱ्हाईक येईपर्यंत ते महिनोन्‌महिने तसेच राहतात. पोलीस आणि वनविभाग कारवाई करतात, पण तोवर अनेक मांडूळ खंगलेले असतात.

विषारी सापाबाबत तर चर्चाच नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं घरात ठेवलं, तर उपास सापाला घडेल आणि दवाखाना घरच्यांना. दंश झालाच तर बांधाबांध, कापाकापी न करता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठायचं.

रानातल्या सापावर उपाय एकच: वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं आणि तो जिथला आहे तिथे, सुरक्षित जागी परत जाऊ द्यायचा. राणीसावरगावच्या शिवारात एक धामण हंगामभर जेवढे उंदीर खाते, ते सगळे सोयाबीनच्या गंजीवर ताव मारणारे असतात. तिला भरवायला कुणाची गरज नसते.

पेटीतला साप असो की रानातला, न खाणारा साप एकच गोष्ट सांगत असतो: ही जागा मला ठीक वाटत नाही. परदेशी, नोंदणी झालेल्या सापासाठी पेटी सुधारता येते. ऊब द्या, बीळ द्या, हात मागे घ्या आणि आठवडाभर वाट बघा. रानातल्या सापासाठी पेटी सुधारून उपयोग नाही, कारण त्याची जागा बांधावरच आहे.